आडनावाच्या गावाला

गोरक्षनाथ नामपूरकरांचा जन्म पंचवटीतला, नोकरीही नाशिकातच झाली. तरी नाव सांगितलं की समोरचा विचारायचाच, "म्हणजे तुम्ही मूळचे इथले नाही?" साठ वर्षं हे ऐकून ते वैतागले होते. निवृत्त झाल्यावर बायकोला म्हणाले, "चल, आता आपल्या गावालाच जाऊन राहू." पणजोबांनी सोडलेल्या नामपूरला त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं.

पहिल्याच सकाळी त्यांनी दारावर मोठ्या हौसेनं 'नामपूरकर' अशी पाटी लावली. शेजारच्या लंकाबाई मेथी निवडता निवडता उठून आल्या, पाटी वाचली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

 

"भाऊ, आठे त आम्ही सम्दाच नामपूरकर शेतस! तुमनं आडनाव काय शे?"