पालथी टोपली

शलाका जिमखान्याच्या फाटकापर्यंत आली, पण पाय काही आत जाईना. आजच्या पेपरात तिने लिहिलं होतं की कालच्या टेनिसच्या अंतिम सामन्यात पंचांचा शेवटचा निर्णय चुकला. बाद दिलेला चेंडू रेषेवरच पडला होता. पंच होते दाभाडे सर. नऊ वर्षांच्या शलाकाच्या हातात पहिली रॅकेट त्यांनीच दिली होती. आता ते बोलतील तरी का आपल्याशी?

सर लाल मातीचं कोर्ट झाडत होते. एका कोपऱ्यात चेंडूंची टोपली पालथी घातलेली होती.

"आलीस? मला वाटलं, पेपरातूनच बोलशील आता."

"रागावलात ना, सर?"

"पेपर वाचून रागावलो, म्हणून तर तुला खोटं पाडायला आलो. काल बक्षीस समारंभाच्या गडबडीत कोर्ट झाडायचं राहिलं होतं."

त्यांनी टोपली उचलली. मातीत चेंडूची खूण जशीच्या तशी होती, आणि तिची कड पांढऱ्या रेषेला चिकटली होती.

"हरलेल्या मुलीला बोलावलंय. तिला हे दाखवून माफी मागणार आहे," सर म्हणाले. "बॅकहँड काही शिकली नाहीस, पण नजर माझीच घेतलीस. आज संकष्टी, उपास असेल तुझा. बस सावलीत."

शलाकाने खाली वाकून ती टोपली खुणेवर पुन्हा अलगद पालथी घातली.