सोडियमचं बारसं

सेलूच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. बाकीच्यांनी टेबलांवर ट्रान्झिस्टर आणि पाणचक्क्या मांडल्या, तर नववीतल्या कांताने वर्गाच्या आढ्याला पाळणा टांगला.

पाळणा घरचाच. तिसरीही पोरगीच झाली म्हटल्यावर बापाने तो माळ्यावर टाकून दिला होता. बारसं नाही, आत्याला बोलावणं नाही, घुगऱ्या तर दूरच. लेकरू बसायला लागलं तरी घरात त्याला नाव नव्हतं. सगळे नुसतं पोट्टी म्हणत. कांताच्या जिवाला ते लागून राहिलं होतं.

पाळण्यात झबलं घातलेली बाटली होती. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून जमल्या.

"हे आमचं बाळ, सोडियम," कांता म्हणाली. "जन्मल्यापासून मातीच्या तेलात निजते. सुरीनं कापलं जाईन इतकं नरम हाय."

"पोट्टं हाय का पोट्टी?" एका म्हातारीने चेष्टेने विचारलं.

"पोट्टी."

"मंग पोट्टीले पाळणा काऊन?"

हा आवाज बापाचा होता. पाळणा गेल्याचं कळताच रूपराव राग नाकावर घेऊन तडक शाळेत आले होते. पण आता मागे सरायचं नाही, असं कांताने घरून निघतानाच ठरवलं होतं.

तिने विज्ञानाच्या सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली आणि लोकांना मागे सारलं. शेजारच्या टेबलावर परातीतल्या पाण्यावर टीपकागद तरंगत होता. कांताने चिमट्याने बाटलीतला मुगाएवढा तुकडा त्यावर ठेवला. सूं सूं आवाज झाला आणि तुकडा पिवळाजर्द पेटला. रूपरावांचं पाऊल आपसूक मागे गेलं.

"पोट्टीले पाळणा काऊन, ते दिसलं न, बाबा?" कांता म्हणाली आणि तिने पाळण्यातून बाटली काढून घेतली.

गर्दीतून तिची माय, भागीरथा, पुढे आली. कडेवरचं लेकरू तिने रिकाम्या पाळण्यात ठेवलं.

"घरी चाल," रूपराव दातओठ खात म्हणाले.

"बारसं झालं का येतो." नवऱ्यापुढे कधी तोंड न उघडणाऱ्या भागीरथाने पाळण्याची दोरी हाती घेतली.

"आत्या नाई आली. नाव कोण ठेवन?" रूपरावांनी अडवलं.

"बहीण ठेवन."

कांता रिवाजाप्रमाणे बाळाच्या कानाशी वाकली. मायने तिचा दंड धरून तिला उभं केलं.

"कानात नको. मोठ्यानं सांग."

कांताने बापाच्या डोळ्याला डोळा भिडवला. "उज्ज्वला," ती म्हणाली. आवाज पार पटांगणापर्यंत गेला.

मग म्हातारीने पहिला 'कुर्रर्र' केला, आणि नाव ठेवणाऱ्या आत्याला मिळतात तसे बायकांचे धपाटे कांताच्या पाठीवर पडायला लागले. ती ताठ उभी होती. भागीरथाने पदरात बांधून आणलेल्या घुगऱ्या कुणीतरी रूपरावांच्या हातावर ठेवल्या होत्या, आणि त्यांना रागाने मूठ वळताही येत नव्हती.