नवी मोटर, भरलेली बॅटरी

या वेळी दाजींची पार जिरवायचीच म्हणून त्याने रिमोटच्या गाडीत दुप्पट ताकदीची मोटर बसवली होती. बॅटरीही तिच्या तोडीची, जास्त सेलची. दोघा मेहुण्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून शर्यतीआधी दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या ताईच चार्ज करायची.

पार्किंगमध्ये गाड्या सुटल्या. त्याची गाडी पहिल्या वळणापर्यंत सुसाट गेली आणि मग दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली. दाजींची गाडी आरामात पुढे निघून गेली.

“काय मेहुणे, मोटर विकत मिळते, अक्कल नाही मिळत!” दाजी खो खो हसले.

त्याने बॅटरी काढून मीटर लावला. अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. त्याचं टाळकंच सरकलं. सरळ जाऊन त्याने दाजींची कॉलर धरली. “हरामखोरी करता? माझ्या बॅटरीला हात लावलात तुम्ही!”

ताई मध्ये पडली आणि त्याला ओढत खांबाआड घेऊन गेली.

“त्यांनी नाही रे. मीच काढली ती चार्जरवरून, अर्ध्यातच.”

“तू? सख्ख्या भावाला हरवलंस? नवऱ्याची एवढी कड घेतेस?”

ताईने बाही वर सरकवली. दंडावर बोटांचे काळेनिळे वळ उठले होते.

“मागच्या रविवारी तू जिंकला होतास ना,” ती म्हणाली, “त्याचं बक्षीस घरी गेल्यावर मला मिळालं.”