इस्तारीला जळू लागली नाही

चौऱ्याहत्तर सालचा कार्तिक महिना. सक्करदऱ्याच्या तलावात इस्तारी सकाळपासून छातीभर पाण्यात उभा राहून शिंगाडे तोडत होता. वीस वर्षं हेच करून त्याचं अंग आंबून गेलं होतं.

दुपारी तो काठावर आला, तेव्हा त्याच्या बायकोनं, भागरथानं, जळवा काढायला मिठाची पुडी सोडली. रोज पाच-सहा निघायच्या. आज एकही नव्हती.

"तू नुसती काठाले शिंगाडे धुऊन राहिली, तरी तुले तीन लागल्या," तो म्हणाला.

"तुमच्यातलं रगत संपलं असंन," ती हसली.

त्याच्यात हसायचंही त्राण नव्हतं. तो पुन्हा पाण्यात उतरला. पायांना टोचणाऱ्या मासोळ्या आज फिरकल्या नाहीत. थकून तो वेलींत क्षणभर नुसताच उभा राहिला.

तेवढ्यात एक खंड्या आला आणि खुंटावर बसावा तसा त्याच्या खांद्यावर बसला. तिथूनच झेप घेऊन त्यानं मासोळी धरली, परत येऊन ती इस्तारीच्या गळ्याच्या हाडावर आपटली आणि गिळली.

काठावर भागरथा उठली. थेट त्याच्याकडे पाहत तिनं हाक मारली, "अवो, कुठी गेले?"

"अठीच तं आहो वं!" इस्तारी जिवाच्या आकांतानं ओरडला.

खांद्यावरचा खंड्या दचकलासुद्धा नाही.