एकतीस फोटो

"शून्य!" हर्षला जवळजवळ किंचाळलीच. "देवेशदादा, एकतीस फोटो होते माझे. शोधलं की तुझा कॉम्प्युटर म्हणतो, शून्य!"

कशेळ्याच्या नाक्यावर देवेशचं झेरॉक्सचं दुकान. तो कुणाच्या तरी आधार कार्डाला लॅमिनेशन करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"परत शोधून बघ."

"सात वेळा शोधलं. आठव्या वेळी काय भूत काढून देणारे?"

हर्षला दहावीत. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून तिचं सगळं याच्याच कॉम्प्युटरवर. दोन महिने दर रविवारी डोंगरावरच्या आदिवासी वाडीतल्या पारूमावशीच्या मागं डोंगर तुडवून तिनं रानभाज्यांचे फोटो काढले होते. प्रत्येक फोटोला टॅग लावला होता: भाजीचं नाव, उगवण्याची जागा. रानभाज्यांच्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत तिनं चार जागा पाठवल्या आणि तालुक्यात पहिली आली; तिचा कागद सगळ्यांना बघायला फळ्यावरही लागला. दुसरी फेरी आज. बाराच्या आत खालापूरला, स्पर्धेच्या ऑफिसात मेल गेला पाहिजे. जिंकणाऱ्याचं पुस्तक छापणार होते. आणि आता वाजले होते सव्वाअकरा.

पारूमावशी बाकावर बसली होती. सकाळच्या पहिल्या जीपनं, न सांगता, वाडीवरून खाली उतरली होती. पुस्तकाचं बघायलाच आली असणार, दुसरं काय!

"ऱ्हाऊ दे गं पोरी," ती म्हणाली. "मशिनीला नाय गावत तर नाय गावत."

"राहू दे काय? मावशी, पुस्तकात तुझं नाव येणारे. सगळे तुम्हा वाडीवाल्यांना विचारून घेतात आणि खाली स्वतःचं नाव ठोकतात. मी नाही तसली!"

पारू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

कॉम्प्युटर फायली शोधायला आतल्या आत एक यादी ठेवतो. ती बिघडली असणार. हर्षलानं सेटिंगमध्ये शिरून जुनी यादी पुसली, नवी बांधायला लावली. आकडा गोगलगायीसारखा सरकत होता.

"कुणालाही बसवतोस इथं," ती तोवर देवेशला झोडपत होती. "कुणी गाणी उतरवतं, कुणी गेम टाकतं. दुकान आहे का जत्रा?"

"जत्रेत गिऱ्हाईक तरी बरं बोलतं," देवेश पुटपुटला.

यादी झाली. तिनं शोधलं. शून्य.

मग तिनं शाळेच्या सहलीचा टॅग टाकून पाहिला. चाळीस फोटो धडाधड समोर. म्हणजे शोध ठणठणीत होता! तिनं भाजीच्या एका फोटोची माहिती उघडली. टॅगची जागा कोरी. दुसरा फोटो, कोरी. एकतीसच्या एकतीस कोरे.

हर्षलाचे कान तापले. फॉर्मला फोटो लहान करायचा तर देवेश तो स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पाठवून परत उतरवायचा. फोटो लहान व्हायचा, त्याच्यातलं लिहिलेलं सगळं उडायचं.

"माझे फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवलेस ना?"

देवेशनं पारूकडे पाहिलं, मग मशीनकडे. "असेल."

"असेल? दोन महिने, दादा! पायात काटे मोडले माझ्या!"

"बरं बाई, चुकलं माझं. आता पुढच्या वर्षी पाठव."

"पुढच्या वर्षी? तोंड बघ!" तिनं दप्तर बाकावर पालथं केलं. वह्या, डबा, कंपास आणि पेनड्राइव्ह. टॅग लावले त्याच दिवशी तिनं सगळं त्यात घेऊन ठेवलं होतं. तिला काय बावळट समजला होता?

फोटो उतरले. तिनं शोधलं. एकतीस! टॅगसकट!

"नेट नाय चालत आज," देवेश घाईनं म्हणाला.

"माझ्या मोबाइलचं चालतंय."

"हर्षला, थांब जरा. ऐक तरी."

"आता थांबू? बाराला सात कमी असताना?" तिनं दाणकन बटण दाबलं. मेल गेला. तिनं खुर्चीतच गिरकी घेतली. "गेलं! मावशी, बघ, तुझं नाव पहिल्या पानावर. आणि जागा इतक्या नीट दिल्यात की आंधळासुद्धा पोचेल! याच्या नादी लागले असते तर सगळं बुडालं असतं. आळशी मेला."

पारूमावशी उठून कॉम्प्युटरजवळ आली. पडद्यावरच्या हिरव्या चौकोनांकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"त्याला नको बोलू गं. म्याच आली व्हती येक दिस त्याच्याम्होरं हात जोडाया, जागांची नावं पूस म्हणून. तुझ्या पयल्या कागदावरच्या चारी जागांवर गाड्या आल्या, पोरी. मुळासकट खणून नेलं. आमाला ह्या एकतीसच ऱ्हायल्या व्हत्या."