डावी बाही
मोठ्या काकांचा लढाईतला कोट दुसऱ्या दिवशी समारंभाने सभागृहातल्या काचेच्या कपाटात ठेवायचा होता, म्हणून काकू तो इस्त्रीसाठी माझ्या शिलाईच्या दुकानात घेऊन आली. काका लढाईवरून परतलेच नाहीत. पार्सलमधून आला तो फक्त हा कोट. मी डावी बाही फळीवर पसरली आणि मनात पाल चुकचुकली. काकांचा डावा हात लहानपणी मोडल्यापासून जरा आखूड होता. शिंप्याच्या घरातलेच ते. भरती झाल्यावर पहिल्याच रजेत त्यांनी इथल्याच मशीनवर कोटाची डावी बाही आखूड करून घेतली होती. भिंतीवरच्या फोटोत ती मनगटावर नेमकी बसलेली दिसते. या कोटाच्या बाह्या मात्र सारख्या होत्या, आणि आतून उलटून पाहिलं तरी सुईचं जुनं भोक कुठे सापडेना. काका पळून गेले, आणि काकूने जुन्या बाजारातला कोट आणून सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली, असं तर नव्हे? “काकू, हा कोट कुणाचा?” तिने बाही माझ्या हातातून सोडवून घेतली. “पार्सल उघडलं तेव्हाच कळलं मला. तिकडे अदलाबदल झाली असणार.” “मग इतकी वर्षं याला ऊन दाखवत का बसलीस?” “ह्यांचा कोटही कुणाच्या तरी घरी गेलाच असेल ना. तिथली बाई तो जपत असेल, या भरवशावर मी हा जपते.” तिने बाहीवरची सुरकुती तळव्याने सारखी केली. “फक्त ती तुझ्यासारखी बाह्या मोजणारी नसली म्हणजे मिळवलं.”