दारावरचा दिवा

शाळेच्या नव्या शौचालयात लघवी आपोआप तपासली जाई आणि जंतुसंसर्ग आढळला की दारावरचा दिवा लाल होई. गेल्या आठवड्यात एका मुलीच्या वेळी तो लाल झाला आणि अख्ख्या वर्गाने तिला चिडवलं. तेव्हापासून दुसरीच्या मुली पाणीच पीत नव्हत्या. भरलेल्या बाटल्या तशाच घरी जात.

आज शाल्मली भरलेली बाटली छातीशी धरून, पाय आवळून बसली होती. साळवीबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. चांगलंच तापलं होतं.

"जाऊन ये गं."

"नको बाई. लाल झाला तर?"

"तर डॉक्टर औषध देतील. दाबून धरलंस तर दुखणं वाढेल."

ती हलेना. बाईंनी खडू खाली ठेवला. "चला सगळे. आधी मी जाते."

वर्ग सोडता येत नाही म्हणून बाई स्वतःही रोज घरी जाईपर्यंत दाबूनच धरत.

दिवा लाल झाला. कुणीतरी फिसकन हसलं.

बाई बाहेर आल्या, दिव्याकडे पाहून क्षणभर थांबल्या आणि मुलांकडे वळल्या. "मलाही झालंय. बघितलंत ना? आता हसायचं तर मला हसा." त्यांनी दार उघडं धरलं. "शाल्मली, जा. दवाखान्यात आपण दोघी जाऊ."

शाल्मलीने बाटली त्यांच्या हातात दिली.

"तोवर तुम्ही पाणी प्या," असं बजावून ती आत गेली.